विद्येचे सीमोल्लंघन : हाईम सॅम्युएल केहिमकर

विजयादशमीच्या दिवशी घरोघरी पाटीपूजन होते. बालकाच्या पाटीवर सरस्वती रेखिली जाते, पोथ्यापुस्तकांवर गंधाक्षता वाहिल्या जातात आणि दिवस कलता सारा गाव शीव ओलांडून शमीपूजनास निघतो. विद्येची आराधना आणि सीमोल्लंघन ही दोन कर्मे परंपरेने एकाच तिथीस गुंफिली, यात मोठा अर्थ भरला आहे. जी विद्या आपल्या शिवेपलीकडे पाहू शकत नाही ती अपुरी, आणि शीव ओलांडून जो घरचे दैवत विसरतो त्याचे सीमोल्लंघन व्यर्थ होय.

आपल्या हिंगोली जिल्ह्याला ही शिकवण नवी नाही. नर्सीचे नामदेवराय औंढा नागनाथी विसोबा खेचरांच्या चरणी लीन झाले, आणि पुढे भागवत धर्माची पताका घेऊन पंजाबापर्यंत गेले. त्यांची ६१ पदे शीख बांधवांच्या गुरुग्रंथसाहेबात आज भक्तिभावाने गाइली जातात. त्याच नामदेवरायांच्या भूमीतून, आज आपण शीव ओलांडून एका यहुदी विद्याव्रती पुरुषाचे चरित्र अवलोकू. मायबोली त्याची मराठीच होती.

कोकणातील बेने इस्राएल समाजाची कथा वाचकांपैकी काहींना ठाऊक असेल. परंपरा अशी सांगते की, फार प्राचीन काळी अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले आणि त्यातून सात जोडपी वाचली. त्यांचे वंशज कुलाब्याच्या गावोगावी वसले. तेल गाळणे हा त्यांचा धंदा. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. ज्या गावी राहिले त्या गावाचे नाव त्यांनी आडनाव म्हणून धारण केले : दिवेकर, राजपूरकर, अष्टमकर, आणि किहीमचे ते केहिमकर.

शतकानुशतके या समाजापाशी धर्मग्रंथ उरला नव्हता. त्यांची हिब्रू ही देवभाषा लोपली होती. राहिले होते ते केवळ आचार : शनिवारची विश्रांती, आहाराचे नियम, आठव्या दिवशीचा सुंतेचा संस्कार, आणि ईश्वराचे एकत्व सांगणारी शेमा ही एकच प्रार्थना. जन्म असो, विवाह असो वा मृत्यू असो, तीच प्रार्थना ते म्हणत. सणांना मात्र त्यांनी मराठी नावे दिली होती. कुणी त्याला खिरीचा सण म्हणे, कुणी बिरड्याचा सण म्हणे. उपवास करून, दारे लावून ज्या दिवशी प्रायश्चित्त करावयाचे तो दारफाळणीचा सण. एलियाहू नबीच्या नावे पोहे, नारळ व फळे मांडून मलिदा होई. पोथी हरवली तरी निष्ठा हरवली नाही, हे या समाजाचे भाग्य.

पुढे दिवस पालटले. समाजातील अनेक कुटुंबे मुंबईस आली. १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी तेथे समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर उभारिले. कोचीनहून जाणते उपाध्याय आले आणि हिब्रूचे पठण पुन्हा सुरू झाले. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी शाळा उघडल्या. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापिले. या उपकाराची जाणीव समाजाने ठेविली. परंतु विचारी मनास एक शल्य बोचत राहिले. आपल्या ऋषींची वाणी आपली लेकरे शिकतात खरी, पण तिचा अर्थ दुसऱ्याच्या श्रद्धेच्या चष्म्यातून त्यांना दाखविला जातो. मूळ ग्रंथ आपला, पण भाष्य परक्याचे, अशी ती अवस्था होती.

याच काळात, १८३० साली, हाईम सॅम्युएल केहिमकर यांचा जन्म झाला. वयाच्या तेविसाव्या वर्षी, म्हणजे १८५३ साली, त्यांनी आपल्या बंधूंच्या साहाय्याने समाजात विद्याप्रसार करणारी एक परोपकारी सभा स्थापिली. ना राजाश्रय, ना गडगंज संपत्ती. पदरी होती ती चिकाटी. त्या बीजाला अंकुर फुटण्यास बावीस वर्षे लागली. १८७५ साली मुंबईत त्यांची शाळा उभी राहिली. ती पुढे इस्राएलाइट स्कूल या नावाने ओळखली गेली. लंडनच्या अँग्लो-ज्युइश असोसिएशन या संस्थेने तिला साहाय्य दिले.

केहिमकरांचे थोरपण शाळा काढण्यात तर आहेच, परंतु त्याहून अधिक ते तेथे काय शिकवावे याच्या विवेकात आहे. उदरनिर्वाहासाठी व जगाच्या व्यवहारासाठी इंग्रजी, धर्मग्रंथासाठी हिब्रू, आणि हृदयाची भाषा म्हणून मराठी, अशा तीन धारा त्यांनी एकत्र आणिल्या. नुसती इंग्रजी दिली असती तर मुले मिळवती झाली असती, पण पोरकी राहिली असती. नुसती हिब्रू दिली असती तर पाठांतर झाले असते, पण बोध झाला नसता. मराठी सोडिली असती तर आजी आणि नातू यांच्यामधला धागाच तुटला असता. मुलांबरोबर मुलींनाही या शाळेत प्रवेश होता, हे त्या काळी लहान पाऊल नव्हते.

हा विवेक त्या पिढीतच जागा झाला होता. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी मुंबईत डेव्हिड ससून यांच्या विद्यालयात सुमारे चाळीस वर्षे मुख्याध्यापकी केली आणि वीसहून अधिक हिब्रू ग्रंथ मराठीत आणिले. १८८० साली तर बेंजामिन शिमशोन अष्टमकर प्रभृतींनी आपली हरिकीर्तनाची पद्धती स्वीकारून अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने मराठी पदांतून लाविली. ओवी, साकी, दिंडी हीच वृत्ते, पूर्वरंग व आख्यान हीच रीत, आणि विषय त्यांच्या धर्मग्रंथातला. नारदांच्या गादीवर उभा राहणारा प्रस्तुत लेखक हे वाचून सद्गदित झाला, हे सांगावयास नकोच.

केहिमकरांना एक दुःखही साहावे लागले. बगदादहून आलेले मुंबईचे धनाढ्य यहुदी या तेली वंशजांना आपल्या बरोबरीचे मानावयास तयार नसत. त्या अवहेलनेस त्यांनी कलहाने उत्तर दिले नाही, लेखणीने दिले. समाजाचे आचार, सण, संस्कार, दंतकथा यांचा साक्षेपाने संग्रह करून १८९७ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, त्यांनी बेने इस्राएलांचा इतिहास इंग्रजीत लिहून पूर्ण केला. तो छापलेला पाहण्याचे भाग्य मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. हस्तलिखित चाळीस वर्षे पडून राहिले आणि त्यांच्या पश्चात १९३७ साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झाले. पुढे इस्राएल देशात गेलेल्या या समाजाच्या यहुदीपणाविषयी तेथेही शंका घेतली गेली, तेव्हा समाज पुन्हा ठामपणे उभा राहिला, आणि १९६४ साली तेथील शासनाने त्यांची पूर्ण समानता मान्य केली. कर्म करणाऱ्याने फळाची वाट पाहू नये, ते काळ देतो, याचे याहून निराळे उदाहरण कशास हवे?

१९३० च्या दशकात सर एली कदूरी यांच्या देणगीमुळे शाळेला त्यांचे नाव मिळाले. माझगावात ती आजही उभी आहे. तेथील बहुसंख्य विद्यार्थी आता अन्यधर्मीय आहेत. समाजाचा बराच भाग समुद्रापार गेला, पण तेथेही त्याने मराठी टाकिली नाही. मायबोली या नावाचे मराठी नियतकालिक इस्राएलात निघाले, ही त्या तीन धारांचीच साक्ष होय.

आता आपल्या घराकडे वळू. आपली मुले अथर्वशीर्ष म्हणतात, रामरक्षा म्हणतात. उच्चार कानाला गोड लागतात. पण अर्थ विचारला तर किती जण सांगू शकतील? बेने इस्राएलांची पोथी समुद्राने नेली होती. आपली पोथी देव्हाऱ्यात सुखरूप आहे, तरीही ती न उघडल्याने हरवू शकते. पोथी गमावलेल्या समाजाने ती परत मिळविण्यासाठी बावीस वर्षे वाट पाहून शाळा उभारिली. आपणांस तर केवळ गाठ सोडावयाची आहे.

यंदाच्या दसऱ्यास पाटीपूजन झाले, आपट्याचे सोने वाटून झाले, की घरातील वडीलधाऱ्यांनी नातवंडांस जवळ बसवावे आणि रोजच्या म्हणण्यातील एका श्लोकाचा अर्थ सोप्या मराठीत सांगावा. दररोज एक. वर्षभरात एक अवघे स्तोत्र मुलाच्या मुखातून हृदयात उतरेल. शमीच्या पानांहून ते सोने खचित अधिक टिकाऊ ठरेल.