जगप्रसिद्ध फोटो काढला, पण तारीखच लिहिली नाही! अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सची गोष्ट
अमेरिकेतले डोंगर ब्लॅक अँड व्हाइट फोटोंत अजरामर करणारे अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स १९०२ साली सॅन फ्रान्सिस्कोत जन्मले. व्हायचं होतं पियानोवादक, पण योसेमिटीच्या कड्यांनी कॅमेऱ्याकडे ओढलं.

१९२७ मध्ये ते हाफ डोमसमोर उभे होते, तेव्हा काचेच्या दोनच प्लेट उरल्या होत्या. पहिलीला पिवळा फिल्टर लावला, दुसरीला लाल. लाल फिल्टरने आकाश काळंभोर आलं आणि तोच फोटो गाजला.

पुढे न्यू मेक्सिकोत हर्नांडेझ गावाजवळ चंद्र उगवलेला, दफनभूमीतल्या क्रुसांवर मावळतीचं ऊन. घाईघाईत ८ बाय १० इंचाचा कॅमेरा लावला, तर लाइट मीटरच सापडेना! चंद्राची प्रखरता पाठ होती, त्यावरून एक्स्पोजर ठरवलं. दुसऱ्या फोटोसाठी होल्डर फिरवेपर्यंत ऊन गेलेलं.

आकडे पाठ, तारीख मात्र नोंदवलेली नाही. अ‍ॅडम्स वेगवेगळी सालं सांगत राहिले. १९८४ मध्ये ते गेले. त्यानंतर चंद्राच्या जागेवरून गणित मांडून दिवस नक्की झाला : १ नोव्हेंबर १९४१.

म्हणून फिल्म होल्डरला नंबर द्या आणि तारीख, वेळ, फिल्टर तिथल्या तिथे वहीत लिहा. प्रत्येक फोटोत चंद्र नसतो.