डॉ. होमी भाभा आणि अणुभट्टीची राखण

अणुशक्ती हा शब्द उच्चारताच मनापुढे दोन चित्रे उभी राहतात. एक इ. स. १९४५ च्या ऑगस्ट महिन्यात बेचिराख झालेल्या हिरोशिमा व नागासाकी या नगरांचे आणि दुसरे, त्याच शक्तीने फिरणाऱ्या चक्रांचे व उजळणाऱ्या दिव्यांचे. पहिल्या चित्राची भीती मनात वागवीत दुसरे चित्र आपल्या देशात उतरविण्याचे काम ज्या पुरुषाने अंगावर घेतले, ते डॉ. होमी जहांगीर भाभा होत. त्यांची बुद्धिमत्ता, त्यांचे संशोधन आणि त्यांनी उभारलेल्या संस्था यांचे वर्णन पाठ्यपुस्तकांतून वाचावयास मिळते. परंतु जी शक्ती त्यांनी देशात आणली, तिला आवरून धरण्याची त्यांनी कोणती तजवीज केली, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आम्ही हे चरित्र मुख्यतः त्याच अंगाने सांगण्याचे योजिले आहे.

होमी भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सुसंस्कृत पारशी कुटुंबात झाला. वडील बॅरिस्टर, आजोबा म्हैसूर संस्थानच्या शिक्षणखात्याचे प्रमुख आणि आत्या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. घरी ग्रंथसंग्रह मोठा होता आणि पाश्चात्य संगीताच्या तबकड्याही पुष्कळ होत्या. कॅथीड्रल शाळा, एल्फिन्स्टन महाविद्यालय व रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स येथील शिक्षणानंतर इ. स. १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले. मुलाने यंत्रशास्त्राचा अभियंता व्हावे आणि जमशेदपूरच्या पोलादाच्या कारखान्यात काम करावे, अशी वडिलांची इच्छा होती. मुलाचा ओढा मात्र पदार्थविज्ञानाकडे. अखेर पितापुत्रांत असा करार झाला की, यंत्रशास्त्राची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्यास पुढे गणित शिकण्यास आणखी दोन वर्षे मिळावीत. होमींनी करार पाळला व वडिलांनीही पाळला. आम्हांस ही गोष्ट केवळ गमतीची वाटत नाही. पुढे ज्याला अणुभट्ट्या उभारावयाच्या होत्या, त्याच्या हाताला आधी यंत्राची ओळख झाली, हे देशाच्या पथ्यावरच पडले.

केंब्रिजमधील त्यांच्या संशोधनाचा तपशील येथे देण्याची आवश्यकता नाही. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या परस्परांवर आदळण्याच्या क्रियेला आज त्यांचे नाव आहे. विश्वकिरण वातावरणात शिरताच कणांचा जो वर्षाव होतो, त्याची उपपत्ती त्यांनी हाइटलर यांच्यासह इ. स. १९३७ मध्ये मांडली. इ. स. १९३९ मध्ये ते सुट्टीवर मायदेशी आले असता महायुद्ध पेटले आणि परतीची वाट बंद झाली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या विभागात ते रुजू झाले. युद्ध नसते तर भाभा कदाचित परदेशीच राहिले असते. येथे राहिल्यावर मात्र त्यांच्या ध्यानात आले की, चांगली संस्था आयती मिळत नाही, ती आपली आपणच निर्माण करावी लागते. मार्च १९४४ मध्ये त्यांनी टाटा विश्वस्त निधीकडे पत्र पाठवून मूलभूत संशोधनाच्या संस्थेसाठी साहाय्य मागितले. अणूपासून वीज काढण्याचा दिवस येईल तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परक्यांच्या दारी जावे लागू नये, हा त्या पत्राचा आशय. हिरोशिमावर बाँब पडण्याच्या सतरा महिने आधी हे लिहिले गेले, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. इ. स. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. पुढे ऑगस्ट १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन होऊन भाभा त्याचे अध्यक्ष झाले आणि इ. स. १९५४ मध्ये मुंबईजवळ तुर्भे येथे अणुशक्तीचे मोठे केंद्र आकारास येऊ लागले.

४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भ्यास अप्सरा ही भारतातील पहिली अणुभट्टी सुरू झाली. तिचे हृदय पाण्याच्या खोल कुंडात बुडविलेले असे. ते पाणी भट्टीला थंड ठेवी आणि वर उभ्या असलेल्या माणसांचे किरणांपासून रक्षणही करी. पाण्यात दिसणाऱ्या निळसर तेजामुळे पंडित नेहरूंनी तिला हे नाव दिले, असे सांगतात. पाठोपाठ कॅनडाच्या साहाय्याने सायरस ही चाळीस मेगावॅट क्षमतेची भट्टी इ. स. १९६० मध्ये सुरू झाली.

येथे क्षणभर थांबून अणुभट्टीचे भय नेमके कशात आहे, हे समजून घेतले पाहिजे. पुष्कळांस वाटते की, ती बाँबसारखी फुटेल. तसे होत नाही. वीज देणाऱ्या भट्टीतील इंधन बाँबमधील द्रव्याइतके तीव्र नसते. खरे भय उष्णतेचे आहे. युरेनियमचे अणू फुटण्याची साखळी नियंत्रक कांड्या आत सोडून काही क्षणांत थांबविता येते. परंतु फुटलेल्या अणूंचे जे अवशेष उरतात, ते किरण व उष्णता सोडीतच राहतात. भट्टी बंद होताच पूर्ण उष्णतेच्या सहा-सात टक्के उष्णता उरते. ती हळूहळू कमी होते, परंतु तिला पूर्ण शमावयास फार काळ लागतो. चुलीतील लाकडे ओढून घेतली तरी निखारे धगधगत राहावेत, तसाच हा प्रकार. मात्र या निखाऱ्यांवर पाणी सतत फिरते ठेवावे लागते. त्यासाठी पंप लागतात आणि पंपांसाठी वीज लागते. भूकंप, पूर वा समुद्राची लाट यांनी ती वीज तोडली, तर इंधन वितळते आणि किरणोत्सारी द्रव्ये बाहेर पडू शकतात. म्हणून अणुकेंद्राच्या संरक्षणाचा सारा विचार तीन गोष्टींभोवती फिरतो: साखळी थांबविणे, उष्णता काढून घेणे आणि किरणोत्सारी द्रव्ये आत कोंडून ठेवणे.

या भयाची उदाहरणे भाभांच्या काळातच घडू लागली होती. डिसेंबर १९५२ मध्ये कॅनडातील चॉक रिव्हर येथील एनआरएक्स भट्टीला अपघात होऊन तिचा अंतर्भाग निकामी झाला. आपली सायरस याच भट्टीच्या धर्तीवर बांधलेली होती. ऑक्टोबर १९५७ मध्ये इंग्लंडमधील विंडस्केल येथे भट्टीस आग लागली आणि आसपासच्या शेकडो चौरस किलोमीटर मुलखातील गाईंचे दूध ओतून द्यावे लागले. आमच्या मोहगावच्या परिसरात घरोघरी दुभती जनावरे आहेत. दूध डोळ्यांदेखत ओतून देण्याचे दुःख काय असते, ते येथील वाचकांस निराळे सांगावयास नको.

२७ फेब्रुवारी १९६० रोजी भाभांनी तुर्भे केंद्रासाठी एक कार्यालयीन आदेश काढला. किरणोत्सारी द्रव्ये अशा रीतीने हाताळावीत की, केंद्रातील कामगारांस किंवा अन्य कोणासही अपाय होऊ नये, एवढेच सांगून ते थांबले नाहीत. देशातील इतर संस्थांस आदर्श म्हणून दाखविता येईल, अशी ती रीत असावी, असेही त्यांनी त्यात घातले. आदेश लहानसाच आहे. परंतु कामगार व शेजारी यांना त्यांनी एकाच ओळीत बसविले, हे आम्हांस विशेष मोलाचे वाटते. फेब्रुवारी १९६२ मध्ये अणुभट्ट्यांच्या सुरक्षिततेची तपासणी करण्यासाठी डॉ. ए. एस. राव यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. किरणांजवळ काम करणाऱ्याने छातीवर फिल्मचा बिल्ला लावावा, तो ठराविक काळाने तपासावा आणि कोणास किती मात्रा पोहोचली याची नोंद ठेवावी, ही शिस्तही त्याच काळात रुजली.

एवढे सांगितल्यावर एक उणीव झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अणुशक्ती वाढविणारे भाभा आणि तिच्यावर नजर ठेवणारी समिती नेमणारे हातही त्यांचेच होते. विद्यार्थ्याने स्वतःच आपली उत्तरपत्रिका तपासावी, तसे हे झाले. देशात या विषयाचे जाणकार मूठभर असताना दुसरे कोण तपासणार, हेही खरे. परंतु स्वतंत्र नियामक मंडळ नोव्हेंबर १९८३ मध्ये स्थापन झाले, म्हणजे भाभांच्या मागे तब्बल सतरा वर्षांनी. त्या मंडळालाही पुरेसे स्वातंत्र्य नाही, अशी टीका महालेखापरीक्षकांनी इ. स. २०१२ च्या अहवालात केली. दुसरे असे की, भाभांचा आशावाद कधी कधी फार पुढे धावे. ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगासंबंधी जी जागतिक परिषद भरली, तिचे ते अध्यक्ष होते. अणू जोडून ऊर्जा मिळविण्याची रीत वीस वर्षांत हाती येईल, असे भाकीत त्यांनी तेथे केले. वीस वर्षे लोटली, पुढे आणखीही लोटली, परंतु ते भाकीत खरे ठरले नाही.

देशातील पहिल्या अणुविद्युत् केंद्रासाठी मुंबईच्या उत्तरेस समुद्रकाठी तारापूर हे स्थान निवडण्यात आले. थंड करण्यास समुद्राचे पाणी जवळ, कोळशाच्या खाणी दूर आणि महाराष्ट्र व गुजरात या दोन्ही राज्यांस वीज देता येईल अशी जागा. इ. स. १९६३ मध्ये अमेरिकेशी करार झाला. भाभांना मात्र तारापूरची वीज पाहण्याचे भाग्य लाभले नाही. २४ जानेवारी १९६६ रोजी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी व्हिएन्नाकडे जात असता त्यांचे कांचनजंगा हे विमान आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वतावर आदळून ११७ जण मृत्यू पावले. पर्वतशिखर ओलांडले गेले आहे की नाही, याविषयी वैमानिक व भूमीवरील नियंत्रक यांच्यात गैरसमज झाला, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. भाभांचे वय तेव्हा अवघे छप्पन्न वर्षांचे होते. ते अविवाहित होते. त्यांनी काढलेली चित्रे आणि तुर्भ्यास त्यांच्या हौसेने लावलेली झाडे मागे राहिली. इ. स. १९६७ मध्ये तुर्भे केंद्रास त्यांचे नाव देण्यात आले.

त्यांच्या पश्चात निसर्गाने एकेक परीक्षा घेण्यास आरंभ केला. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनेचा भूकंप झाला आणि दख्खनचा काळा पाषाण अचल आहे ही समजूत ढासळली. तारापूरचे बांधकाम त्या वेळी चालू होते. इ. स. १९६९ मध्ये तेथील वीज वाहू लागली. जून १९९४ मध्ये गुजरातमधील काकरापार केंद्राच्या टर्बाइनगृहात पुराचे पाणी शिरले. २६ डिसेंबर २००४ रोजी सुनामीची लाट कल्पाक्कमच्या पंपगृहात आली तेव्हा तेथील चालू भट्टी सुखरूप बंद करण्यात आली.

सर्वांत कठोर धडा जपानने भोगला. ११ मार्च २०११ रोजी फुकुशिमाच्या चालू भट्ट्या भूकंप होताच ठरल्याप्रमाणे आपोआप थांबल्या. येथवर सारे ठीक होते. परंतु सुमारे पाऊण तासाने आलेली लाट चौदा-पंधरा मीटर उंच होती आणि केंद्राची आखणी पाच-सहा मीटरांच्या लाटेचा हिशेब धरून केलेली होती. तळघरातील डिझेल जनित्रे बुडाली, पंप थांबले आणि निखारे पेटतेच राहिले. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्याही फुकुशिमाप्रमाणेच उकळत्या पाण्याच्या जातीच्या आणि अमेरिकन घराण्याच्या असल्याने आपल्याकडे तत्काळ फेरतपासणी झाली. बाहेरून पाणी सोडता यावे यासाठी नळांची जोडणी करावी, भूकंपाच्या धक्क्यासरशी भट्टी आपोआप बंद व्हावी आणि स्फोटक वायू साचून भडका उडू नये म्हणून नायट्रोजन सोडण्याची सोय असावी, अशा सूचना तेव्हा करण्यात आल्या.

हा विषय आपल्या राज्यालाही परका नाही. मंडला जिल्ह्यात नर्मदेवरील बरगी जलाशयाच्या काठी चुटका येथे अणुविद्युत् केंद्र उभारण्यास इ. स. २००९ मध्ये तत्त्वतः मान्यता मिळाली. धरणामुळे एकदा विस्थापित झालेल्या तेथील लोकांनी त्याला विरोध केला, आणि त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे मुळीच नाही. २२ मे १९९७ रोजी जबलपूरला झालेला भूकंप याच भागातला. भोपाळच्या वायुकांडातही, डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री, कारखान्याभोवतीच्या वस्तीला काय करावे हे कोणी आधी सांगून ठेवलेले नव्हते.

अणुकेंद्राभोवती सोळा किलोमीटरांपर्यंतच्या गावांसाठी आपत्कालीन योजना आधीच लिहून ठेवण्याची पद्धत आपल्याकडे आहे आणि दर दोन वर्षांनी तिचा प्रत्यक्ष सराव करावयाचा असतो. हा सराव जिल्हाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली होतो. लोकांनी घरात राहून दारे-खिडक्या लावून घ्यावीत, उघडे पाणी व अन्न वापरू नये, सांगितल्याखेरीज आयोडीनच्या गोळ्या घेऊ नयेत आणि हलण्याचा आदेश आल्यास ठरलेल्या जागी जमावे, असा तो क्रम आहे. जमण्याची ही ठरलेली जागा बहुधा गावची शाळा असते.