कीट्स आणि साधी फुलं

इंग्लिश लिटरेचर घेतलेल्यांना जॉन कीट्स म्हटलं की आधी आठवतो तो परीक्षेतला मोठ्या मार्कांचा प्रश्न. मलाही तसंच व्हायचं. पण हा माणूस मुळात मेडिकलचा विद्यार्थी होता, हे मला टीवायपर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं.

जन्म १७९५, लंडन. आठ वर्षांचा असताना वडील घोड्यावरून पडून गेले. चौदाव्या वर्षी आई क्षयाने गेली. मग एका सर्जनकडे उमेदवारी, आणि १८१५मध्ये लंडनचं गाय्ज हॉस्पिटल. जखमा बांधायच्या, ऑपरेशनच्या वेळी सर्जनच्या हाताखाली उभं राहायचं. भूल देणं हा प्रकार तेव्हा नव्हताच! १८१६मध्ये लायसन्सची परीक्षा पास झाला आणि थोड्याच दिवसांत जाहीर केलं, आता फक्त कविता. पालक भडकले. (आजही भडकले असते.)

१८१८मध्ये धाकटा भाऊ टॉम क्षयाने अंथरुणाला खिळला. दुसरा भाऊ अमेरिकेला गेलेला. हॅम्पस्टेडच्या खोलीत कीट्सच टॉमची शुश्रूषा करत राहिला. औषध कुठलं लागू पडणार नाही, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? १ डिसेंबरला टॉम गेला. वय १९. आपल्या एसवायच्या वर्गातला मुलगा.

यानंतर माणूस कोसळेल असं वाटतं. पण पुढचंच वर्ष, १८१९, त्याचं सगळ्यात मोठं वर्ष ठरलं. बागेतल्या झाडावर गाणारा नाइटिंगेल, विंचेस्टरजवळची कापणी झालेली शेतं, असं रोजचंच काहीतरी तो बघत होता आणि लिहीत होता.

३ फेब्रुवारी १८२०. थंडीतून घरी आला, खोकला आला, चादरीवर रक्ताचा थेंब. त्याने मेणबत्ती मागवली, रंग पाहिला आणि ओळखलं. डॉक्टरकी शिकल्याची ही किंमत. त्याच महिन्यात मित्राला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की आजारपणात त्याला सारखी लहानपणापासून ओळखीची वसंतातली साधी फुलं आठवतात. काचघरातली परदेशी फुलं कितीही सुंदर असली तरी ती त्याला नको होती.

शेवटचे महिने रोममध्ये गेले, सोबतीला चित्रकार मित्र जोसेफ सेव्हर्न. खानावळीचं जेवण इतकं वाईट यायचं की एक दिवस कीट्सने सगळी ताटं खिडकीतून खाली ओतली. त्यानंतर जेवण चांगलं यायला लागलं! मरायला टेकलेल्या माणसाला जेवणाची चव महत्त्वाची वाटत होती, हे मला फार आवडतं. सेव्हर्न त्याला पियानो वाजवून दाखवायचा. रात्री जागं राहता यावं म्हणून झोपलेल्या कीट्सचं चित्र काढत बसायचा.

एकदा कीट्सने सेव्हर्नला दफनभूमी बघून यायला सांगितलं. सेव्हर्नने परत येऊन तिथल्या गवताबद्दल, व्हायोलेट्स आणि डेझीबद्दल सांगितलं. कीट्सला बरं वाटलं. २३ फेब्रुवारी १८२१ला तो गेला, २५ वर्षांचा होता. सेव्हर्न मात्र ८५ वर्षांचा होईपर्यंत जगला. आज त्याचीही कबर तिथेच, मित्राच्या शेजारी आहे.