माणसं पारखणारा कारखानदार

कॅम्पस इंटरव्ह्यूचा सीझन आला की हॉस्टेलवर दुसरा विषयच नसतो. ॲप्टिट्यूड झाली, टेक्निकल झाला, तरी शेवटचा एच. आर. राऊंड भल्याभल्यांची झोप उडवतो. ब्रँच कोणती, टक्के किती, बॅकलॉग आहे का? जॉब आधीच कागदावर आखलेला असतो. त्यात आपण बसलो तर बसलो, नाहीतर पुढच्या कंपनीची वाट बघायची. म्हणूनच मला आज लक्ष्मणराव किर्लोस्करांबद्दल लिहावंसं वाटतं. त्यांनी हे गणित उलट्या बाजूने सोडवलं होतं.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर इथे झाला. त्यांना चित्रकार व्हायचं होतं. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये ते दाखलही झाले, पण डोळ्यांना रंग नीट ओळखता येत नाहीत असं आढळलं आणि ते स्वप्न संपलं. मग ते मेकॅनिकल ड्रॉईंगकडे वळले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये (म्हणजे आपलं व्हीजेटीआय!) शिकवू लागले. तिथे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला जागा दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली. माणसाची लायकी न बघता त्याला बाजूला सारलं की काय वाटतं, हे त्यांनी स्वतः भोगलं होतं.

बेळगावात त्यांनी सायकलचं दुकान चालवलं, मग कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर बनवायला सुरुवात केली. लोखंडामुळे जमिनीला विष चढेल अशी शेतकऱ्यांना भीती होती, त्यामुळे नांगर खपायला फार वेळ लागला. पुढे नगरपालिकेने कारखान्याची जागा खाली करायला सांगितली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या ओसाड, निवडुंगाने भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली.

आता खरी गंमत. अशा माळावर डिग्रीवाले इंजिनिअर कुठून येणार? लक्ष्मणरावांनी हाताशी असलेल्या माणसांत काय दडलंय ते बघितलं आणि त्याप्रमाणे काम दिलं. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तिथे कल्पक इंजिनिअर झाले. दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेल्या दोघांना तर त्यांनी चक्क पहारेकरी नेमलं, आणि त्यांनी तो विश्वास सार्थ केला. कामगारांना घरं मिळाली आणि वसाहतीत अस्पृश्यता पाळायला बंदी होती. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती.

हे वाचताना मला माझा पाथर्डी तालुका आठवतो. आमचा भाग दुष्काळी. दसरा-दिवाळी झाली की कितीतरी कुटुंबं बैलगाड्या, ट्रॅक्टर घेऊन पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला जातात. तिथे एच. आर. म्हणजे मुकादम. तो आधी उचल देतो आणि सीझनभर ती टनावर फेडून घेतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बाई पहाटेपासून मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते, शिवाय पालावर स्वयंपाक करते, पण पैसे बहुधा नवऱ्याच्याच हातात पडतात. तिचं काम वेगळं मोजलं जात नाही, तिला अपॉइंटमेंट लेटर नाही, बाळंतपणाची रजा नाही. पोरांची शाळा मध्येच सुटते ती वेगळीच.

लक्ष्मणरावांची पद्धत एका माणसाच्या नजरेवर चालली. पण प्रत्येक मालक लक्ष्मणराव नसतो. म्हणूनच कामाचं स्वरूप, पगार, रजा, पी. एफ. हे सगळं कागदावर यावं लागलं. आपल्याला कंटाळवाणा वाटणारा तो एच. आर.चा फॉर्म म्हणजे दुबळ्या माणसाचं संरक्षण आहे. ऊस तोडणाऱ्या बाईला मात्र ना तो कागद मिळाला, ना ती पारखी नजर.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. त्यांच्या कारखान्यातून उसाचे चरकही बाहेर पडले होते. आपल्यापैकी काहीजण उद्या टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसतील, कुणी साखर कारखान्यातही. तेव्हा समोरच्याचे टक्के जरूर बघा, पण त्याला काय येतं तेही विचारा. आणि कोयत्याला दोन माणसं असतात, तेव्हा कागदावर नावंही दोन लिहा.