गिजुभाई बधेका

गिरिजाशंकर भगवानजी बधेका ऊर्फ गिजुभाई (१५ नोव्हेंबर, १८८५ – २३ जून, १९३९) हे गुजराती शिक्षणतज्ज्ञ, बालसाहित्यिक आणि भारतातील बालशिक्षण चळवळीचे एक प्रवर्तक होते. पेशाने वकील असलेल्या गिजुभाईंनी वकिलीचा त्याग करून भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत काम स्वीकारले व १९२० साली तेथे बालमंदिर सुरू केले. शाळेतील भीती नाहीशी झाल्यावाचून मुलाचे खरे शिक्षण सुरूच होत नाही, हे त्यांच्या विचारांचे मुख्य सूत्र होते. मुलांचे मानसिक आरोग्य जपणे ही शाळेची जबाबदारी आहे, असे आज मानले जाते. ही परिभाषा आपल्याकडे रूढ होण्याच्या कितीतरी आधी गिजुभाईंनी तिचा आशय बालमंदिरात आचरणात आणला आणि 'दिवास्वप्न' या पुस्तकातून तो सर्वसामान्य प्राथमिक शाळेपुढे ठेवला. गुजरातेत ते 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई, या नावाने ओळखले जातात.

जन्म व शिक्षण

गिजुभाईंचा जन्म काठियावाडातील चितळ या गावी झाला. हे गाव सध्याच्या अमरेली जिल्ह्यात आहे. त्यांचे बालपण वळा म्हणजे आजच्या वल्लभीपूर येथे गेले आणि प्राथमिक शिक्षणही तेथेच झाले. त्या काळच्या गावशाळांत पाढे आणि धडे मुखोद्गत करून घेणे हीच अध्यापनाची रीत होती, व छडी हे शिक्षकाचे नित्याचे साधन होते. मूल शाळेला भिते, याचे कोणालाच नवल वाटत नसे. पुढील शिक्षणासाठी ते भावनगरला आले. तेथे मॅट्रिक झाल्यानंतर काही काळ ते सामळदास महाविद्यालयात शिकले.

आफ्रिका आणि वकिली

अर्थार्जनासाठी १९०७ साली गिजुभाई पूर्व आफ्रिकेत गेले. स्वतःच्या बळावर उभे राहण्याची आणि परक्या मुलखात निभावून नेण्याची सवय त्यांना या वास्तव्यात लागली. १९०९ साली ते स्वदेशी परतले, मुंबईत कायद्याचे शिक्षण घेतले आणि वढवाण येथे वकिली करू लागले. व्यवसायात त्यांचा जमही बसला.

१९१३ साली त्यांचा मुलगा नरेंद्र याचा जन्म झाला आणि त्यांच्या आयुष्याला वेगळे वळण लागले. या मुलाला आपण कोणत्या शाळेत घालणार, हा प्रश्न त्यांना सतावू लागला. भोवतालच्या शाळा त्यांच्या परिचयाच्या होत्या. त्यांपैकी एकाही शाळेत मुलाला पाठवण्यास त्यांचे मन धजेना. या शोधात ते खेडा जिल्ह्यातील वसो येथील शिक्षणप्रेमी कार्यकर्ते मोतीभाई अमीन यांच्याकडे गेले. मोतीभाईंनी त्यांच्या हाती मारिया माँटेसरी यांच्या शिक्षणपद्धतीविषयीचे पुस्तक दिले. इटलीतील या डॉक्टर विदुषीने मुलाला स्वातंत्र्य, स्वयंप्रेरित काम आणि आदर यांचा अधिकार दिला होता. एका बापाची काळजी या वाचनातून हळूहळू सर्व मुलांच्या शिक्षणाच्या चिंतेत रूपांतरित झाली.

दक्षिणामूर्ती संस्थेत

नृसिंहप्रसाद कालिदास भट्ट ऊर्फ नानाभाई भट्ट यांनी १९१० साली भावनगर येथे दक्षिणामूर्ती विद्यार्थी भवनाची स्थापना केली होती. आरंभी ते एक वसतिगृह होते. पुढे त्याला शाळेची जोड मिळाली. १९१६ साली गिजुभाईंनी वकिलीस रामराम ठोकला आणि ते या संस्थेचे आजीवन कार्यकर्ते झाले. नानाभाई भट्ट, हरभाई त्रिवेदी आणि गिजुभाई या तिघांच्या परिश्रमांतून ही संस्था गुजरातेतील नव्या शिक्षणाचे केंद्र बनली.

गिजुभाईंनी प्रथम संस्थेच्या विनयमंदिरात, म्हणजे माध्यमिक शाळेत, काम केले. तेथे येणाऱ्या मुलांच्या सवयी, धास्ती आणि अभ्यासाविषयीची नावड ही त्याआधीच्या वर्षांत पक्की झालेली असते, असे त्यांच्या ध्यानात आले. जे मोडले गेले ते पुढे दुरुस्त करत बसण्यापेक्षा ते मोडणारच नाही अशी व्यवस्था आरंभापासून हवी, या निष्कर्षाला ते आले. त्यातून १९२० साली, साधारण अडीच ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी, बालमंदिर सुरू झाले. १९२२ साली तख्तेश्वर मंदिराजवळच्या टेकडीवर बालमंदिराची स्वतंत्र वास्तू उभी राहिली. तिचे उद्घाटन कस्तुरबा गांधी यांच्या हस्ते झाले.

बालमंदिरातील प्रयोग

बालमंदिरात शिक्षा नव्हती आणि बक्षीसही नव्हते. मार मुलाला भित्रे करतो, तर बक्षीस त्याला लोभी करते. दोहोंमुळे त्याचे लक्ष कामावरून उडून मोठ्यांच्या चेहऱ्याकडे लागते, असे गिजुभाईंचे मत होते. कोणते काम घ्यायचे आणि ते किती वेळ करायचे, हे मूल स्वतः ठरवी. पाणी भरणे, झाडणे, कपड्यांची बटणे लावणे, बागेला पाणी घालणे ही कामे त्यात असत. आपल्याला जमते, हा अनुभव मुलाच्या मनाला स्थैर्य देतो, या समजुतीने या कामांना अभ्यासाइतकेच मोल दिले जाई.

माँटेसरी पद्धतीतील शांततेचा खेळही येथे रोज होई. मुले डोळे मिटून स्वस्थ बसत आणि एरवी ऐकू न येणारे बारीक आवाज टिपत. ही शांतता दटावून आणलेली नसे. मुलांना तिची गोडी लागलेली असे.

मात्र गिजुभाईंनी माँटेसरी पद्धत जशीच्या तशी उचलली नाही. परीकथा आणि कल्पित गोष्टी यांविषयी माँटेसरींना लहान मुलांच्या संदर्भात शंका होती. गिजुभाईंनी मात्र काठियावाडी लोककथांना बालमंदिरात मानाचे स्थान दिले. गोष्ट ऐकताना मूल निर्धास्त होते, शिक्षकाशी त्याचे नाते जुळते आणि मनातील भीती, राग, हेवा यांना वाट मिळते, असे त्यांना अनुभवास आले. लोकगीते, भटकंती, मातीकाम, चित्रे आणि नाटक यांचाही त्यांनी समावेश केला. मुलांच्या नाटकात संवाद पाठ करून घेतले जात नसत. ऐकलेली गोष्ट मुले आपल्या शब्दांत उभी करीत. त्यामुळे शब्द विसरण्याची आणि हसे होण्याची धास्ती उरत नसे.

शिक्षक आणि पालक

मुलाला सुधारण्याआधी मोठ्यांनी सुधारावे, असा गिजुभाईंचा आग्रह होता. म्हणूनच बालमंदिरापाठोपाठ त्यांनी अध्यापन मंदिर सुरू करून बालशिक्षक घडवण्याचे काम हाती घेतले. येथील प्रशिक्षणात निरीक्षणाला मोठे स्थान होते. मुलाला हात न लावता, उपदेश न करता, नुसते पाहत राहणे ही शिक्षकाची पहिली साधना मानली जाई. जो शिक्षक स्वतः धास्तावलेला किंवा चिडलेला असतो, त्याच्या वर्गात मूल मोकळे होऊ शकत नाही, याची जाणीव त्यामागे होती.

पालकांसाठीही त्यांनी विपुल लेखन केले. 'माबाप थवुं आकरुं छे' म्हणजे आईबाप होणे अवघड आहे, 'आ ते शी माथाफोड' म्हणजे ही कसली डोकेफोड, ही पुस्तके घरातील नित्याच्या प्रसंगांवर बेतलेली आहेत. जेवणावरून, कपड्यांवरून, सांडलेल्या दुधावरून मोठी माणसे मुलांचा अपमान कसा करतात, हे त्यांत हलक्या हाताने दाखवले आहे.

दिवास्वप्न

बालमंदिर हे खास उभारलेले स्थान होते. साध्या प्राथमिक शाळेत हे जमेल काय, ही शंका साहजिक होती. 'दिवास्वप्न' हे पुस्तक म्हणजे गिजुभाईंनी या शंकेला दिलेले उत्तर होय. कथेच्या रूपात लिहिलेल्या या पुस्तकाचा नायक लक्ष्मीशंकर हा शिक्षणाधिकाऱ्याची परवानगी घेऊन प्राथमिक शाळेचा चौथीचा वर्ग एका वर्षासाठी स्वीकारतो. वर्षाअखेरीस मुलांनी परीक्षा दिली पाहिजे, ही अट त्याला मान्य करावी लागते.

पहिल्याच दिवशी त्याची फजिती होते. तो शांततेचा खेळ घेऊ पाहतो आणि वर्ग गोंगाटाने दुमदुमतो. दडपणाखाली वाढलेल्या मुलांना एकाएकी मोकळीक दिली तर ती पेलवत नाही, हे त्याला उमगते. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो आणि वर्ग स्तब्ध होतो. येथून त्याची मुलांशी मैत्री जुळते. पाठ्यपुस्तकांसाठीच्या पैशांतून वर्गाचे ग्रंथालय उभे राहते, मुले नदीकाठी खेळायला जातात, नखे-केस-बटणे यांची विचारपूस प्रेमाने होते. पालकांची सभा बोलावली असता मोजकेच पालक येतात. सहकारी शिक्षक त्याची थट्टा करतात. हे सारे ज्याला पोटाची चिंता नाही त्याला शोभते, असे त्यांचे म्हणणे असते. गिजुभाईंनी हा आक्षेप टाळला नाही. शिक्षकाची गरिबी, वरिष्ठांचा धाक आणि निकालाचा तगादा यांचे चित्रणही त्यांनी सहानुभूतीने केले आहे. अनेक भारतीय भाषांत अनुवाद झालेले हे पुस्तक आजही शिक्षक-प्रशिक्षणात वाचले जाते.

इतर लेखन व सन्मान

गिजुभाईंनी लहानमोठी सुमारे दोनशे पुस्तके लिहिली किंवा संपादित केली. बालवार्तांचे संग्रह, 'वार्तानुं शास्त्र', 'प्राथमिक शाळामां भाषाशिक्षण', 'माँटेसरी पद्धति' ही त्यांपैकी काही होत. 'शिक्षण पत्रिका' या मासिकाद्वारे त्यांनी बालशिक्षणाचा प्रसार केला. १९२९ साली त्यांना गुजराती साहित्यातील मानाचे रणजितराम सुवर्णचंद्रक प्रदान करण्यात आले.

महाराष्ट्राशी संबंध

राजकोट येथील स्त्री-अध्यापक महाविद्यालयाच्या प्राचार्या ताराबाई मोडक १९२३च्या सुमारास गिजुभाईंच्या कार्यात सहभागी झाल्या. दोघांच्या पुढाकाराने १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. ताराबाईंनी 'शिक्षण पत्रिके'ची मराठी आवृत्ती संपादित केली आणि १९३६ साली दादर येथे शिशुविहार सुरू केला. पुढे १९४५ मध्ये त्यांनी अनुताई वाघ यांच्यासह तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे, व १९५७ पासून कोसबाड येथे, आदिवासी मुलांसाठी काम केले. जी मुले शाळेच्या इमारतीलाच बिचकतात, त्यांच्या अंगणात आणि कुरणात शाळा नेण्याची कल्पना तेथे साकारली. भावनगरच्या टेकडीवर रुजलेल्या विचाराचा हा महाराष्ट्रातील विस्तार होय.

अखेरचा काळ

१९३६ साली गिजुभाई दक्षिणामूर्ती संस्थेतून निवृत्त झाले. अविश्रांत श्रमांमुळे त्यांची प्रकृती ढासळली होती. २३ जून, १९३९ रोजी मुंबई येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षाअखेर मारिया माँटेसरी प्रथमच भारतात आल्या. ज्या भारतीयाने त्यांचा विचार इतक्या निष्ठेने आपल्या मातीत रुजवला होता, तो त्यांच्या स्वागताला उरला नव्हता.

मूल्यमापन

गिजुभाईंच्या प्रयोगाला मर्यादा होत्या. बालमंदिर ही संस्थेच्या आश्रयाने चालणारी शहरी शाळा होती. गर्दीच्या वर्गात एकट्या शिक्षकाने हे सारे कसे साधावे, या प्रश्नाचे पुरते उत्तर 'दिवास्वप्न'ही देत नाही. त्याचे नावच त्याची कबुली देते. गंभीर मानसिक व्यथा असलेल्या मुलासाठी प्रेमळ शिक्षकाबरोबरच तज्ज्ञांची मदत लागते, ही आजची जाण त्या काळी शाळांपर्यंत पोहोचलेली नव्हती.

तरीही, मुलाचे मन जपणे हे वेळापत्रकातील एका तासाचे काम नसून शाळेच्या संपूर्ण वागणुकीचा तो प्रश्न आहे, हे त्यांनी स्वतःच्या आचरणातून दाखवले. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १७ अन्वये शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करणे आणि त्याचा मानसिक छळ करणे या दोहोंस मनाई करण्यात आली. गिजुभाईंच्या निधनानंतर सत्तर वर्षांनी हे तत्त्व कायद्याच्या भाषेत अवतरले.