भास्कराचार्य आणि एकसष्टाचे उदाहरण

दौलताबादचा किल्ला पाहावयास गेलेल्या विद्यार्थ्यांचे सारे लक्ष खंदक, अंधारी आणि तोफा ह्यांकडेच असते. परंतु हे स्थळ देवगिरी ह्या नावाने यादवांची राजधानी होते, तेव्हा येथील दरबारी गणितविद्येसही मान होता. राजा जैत्रपाळ ह्याने लक्ष्मीधर नामक पंडितास पाटणहून आणून आपल्या पदरी ठेविले. लक्ष्मीधराचा पुत्र चांगदेव हा पुढे सिंघण राजाचा ज्योतिषी झाला. लक्ष्मीधराचे वडील ते भास्कराचार्य.

आचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मध्ये झाला. सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड हे त्यांचे गाव, आणि वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी सिद्धांतशिरोमणि रचिला. लीलावती व बीजगणित हे त्याचेच भाग होत. लीलावतीच्या हुकलेल्या विवाहमुहूर्ताची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. ती फैजीच्या १५८७ मधील फारसी भाषांतरातून आली; आचार्यांच्या ग्रंथात तिचा मागमूस नाही. मला तर त्या कथेहून बीजगणितातील एक उदाहरण अधिक अद्भुत वाटते.

उदाहरण असे: ज्या संख्येच्या वर्गास ६१ ने गुणून १ मिळविला असता पुन्हा पूर्ण वर्गच येतो, ती संख्या कोणती? ६१ च्या जागी ६० असते, तर ४ हे उत्तर सहज सापडते. कारण ९६१ हा ३१ चा वर्ग आहे. ६२ असते, तर ८ ने काम भागते. ३९६९ हा ६३ चा वर्ग. मधल्या ६१ ला मात्र सर्वांत लहान उत्तर आहे २२,६१,५३,९८०, आणि येणाऱ्या वर्गाचे मूळ १,७६,६३,१९,०४९! दर मिनिटास एक संख्या ह्याप्रमाणे अहोरात्र तपासीत बसल्यास चारशेहून अधिक वर्षे लागतील.

आचार्य असे तपासीत बसले नाहीत. ८ चा वर्ग ६१ हून ३ ने अधिक आहे, एवढ्यावरून त्यांनी आरंभ केला. चक्रवाल रीतीच्या एकाच फेऱ्यात ते ५ आणि ३९ ह्या जोडीस पोहोचले. ३९ चा वर्ग १५२१, आणि ५ च्या वर्गाची ६१ पट १५२५. अंतर चाराचे. मग ब्रह्मगुप्ताची भावना, म्हणजे दोन जोड्यांच्या गुणाकारातून तिसरी जोडी काढण्याची रीत, पुनःपुन्हा योजून ३८०५ व २९७१८ ही जोडी मिळते. येथे अंतर अवघे एकाचे, पण उणे. ह्या दोहोंच्या गुणाकाराची दुप्पट ही लहान संख्या. आणि २९७१८ च्या वर्गाची दुप्पट करून १ मिळविला की मोठी. वाचकांनी हे वहीत अवश्य करून पाहावे. मोठीस लहानीने भागिले असता ६१ चे वर्गमूळ सतरा दशांश स्थळांपर्यंत अचूक येते.

हे सारे श्रेय एकट्या आचार्यांचे नव्हे. ब्रह्मगुप्त त्यांच्याहून पाच शतके पूर्वीचा, आणि चक्रवाल रीत जयदेव नामक गणितज्ञासही आधीच ठाऊक होती. ही रीत प्रत्येक वेळी उत्तरास पोहोचतेच, ह्याची सिद्धताही आचार्यांनी दिलेली नाही. पुढे १६५७ मध्ये फ्रान्सच्या फर्माने भारतातील ह्या कार्याची वार्ता नसता नेमका हाच ६१ चा आकडा घालून आपल्या समकालीनांस आव्हान दिले. असे उत्तर नेहमी असतेच, हे अठराव्या शतकात लाग्रांजने सिद्ध केले.

वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी आचार्य करणकुतूहल हा ग्रंथ रचीत होते. त्यांच्या पश्चात चांगदेवाने पाटण येथे आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी मठ स्थापिला. १२०७ च्या सुमाराच्या शिलालेखात त्याची नोंद आहे. मठ गेला, देवगिरीचे राज्य गेले, १३२७ मध्ये नावही पालटले. ग्रंथ मात्र नकलांच्या रूपाने फिरत राहिले. शहाजहानच्या काळी अताउल्लाने बीजगणिताचे फारसी भाषांतर केले. तोच अताउल्ला पुढे दक्षिणेत आला. दौलताबादहून परतताना शहरात जो बीबी का मकबरा आपण पाहतो, तो बांधणारा कारागीर म्हणून त्याचे नाव तेथील दारावर कोरलेले आहे.