सेवेला पेशाची प्रतिष्ठा देणाऱ्या रमाबाई

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील साखऱ्यासारख्या गावातली एखादी मुलगी बारावीनंतर नर्सिंगचा विचार करू लागते, तेव्हा तिच्यापुढचे प्रश्न व्यवहाराचे असतात. तीन वर्षांचा जीएनएम अभ्यासक्रम निवडावा की चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंगची पदवी घ्यावी? शहरात वसतिगृह मिळेल का? परिषदेकडे नोंदणी झाल्यावर सरकारी रुग्णालयात जागा निघेल, की खासगी दवाखान्यात तुटपुंज्या पगारावर दिवस काढावे लागतील? मात्र परिचारिका झाल्याने घराण्याची अब्रू जाईल का, हा प्रश्न आता फारसा कोणी विचारत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या महाराष्ट्रात पांढरपेशा हिंदू घरांपुढे तोच पहिला प्रश्न होता आणि बहुतेक वेळा तिथेच विषय संपत असे. हा अडसर दूर करण्यासाठी ज्यांनी आपले उत्तरायुष्य वेचले, त्यांत रमाबाई रानडे यांचे नाव अग्रभागी आहे.

आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील कुर्लेकर घराण्यात रमाबाईंचा जन्म झाला. माहेरचे नाव यमुना. मुलींना शिकवण्याची त्या घरात चाल नव्हती. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. रानडे तेव्हा ३१ वर्षांचे होते आणि त्यांच्या पहिल्या पत्नीचे नुकतेच निधन झाले होते. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या सुधारकाने वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून एका अजाण मुलीशी लग्न केले, याबद्दल त्यांच्यावर टीका झाली आणि ती अनाठायी म्हणता येणार नाही. पण पाटी-पेन्सिलही हाती न धरलेल्या या मुलीचे शिक्षण रानडे यांनी लग्न झाल्याबरोबर स्वतः सुरू केले.

हे शिक्षण सोपे नव्हते. दिवसभर घरातील वडीलधाऱ्या बायकांचे टोमणे आणि रात्री पतीसमोर धडा, अशी त्यांची वर्षे गेली. मराठीनंतर इंग्रजी आले. पुण्यात मुलींच्या हायस्कूलच्या मागणीसाठी भरलेल्या सभेत त्यांनी गव्हर्नरांपुढे इंग्रजीतून निवेदन वाचले, तेव्हा बाहेर कौतुक झाले आणि घरात वादळ उठले. रमाबाईंनी उलट उत्तर दिले नाही आणि अभ्यासही सोडला नाही. कोणाशी नाते न तोडता आपले पाऊल पुढे टाकायचे, ही त्यांची रीत त्या घरात घडली. पुढे सेवासदनाच्या कामात हीच रीत त्यांच्या उपयोगी पडली.

१८९३ साली रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. मुंबईत रमाबाई स्त्रियांच्या मंडळांत काम करू लागल्या. १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे यांचे निधन झाले आणि ऐन चाळिशीच्या उंबरठ्यावर रमाबाईंना वैधव्य आले. त्या पुण्यास परतल्या आणि काही काळ जवळजवळ एकांतात राहिल्या. त्यानंतर त्या बाहेर पडल्या त्या तुरुंगातील स्त्री कैद्यांकडे आणि रुग्णालयातील आजाऱ्यांकडे. फळे, फुले, पुस्तके घेऊन त्या खाटांजवळ बसत.

१९०८ साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिदुमल यांनी मुंबईत सेवासदन स्थापण्याचे ठरवले. हिंदी स्त्रियांना आश्रय आणि शुश्रूषेचे शिक्षण द्यावे, हा त्यामागील एक प्रमुख हेतू होता. त्यांनी रमाबाईंची मदत मागितली आणि रमाबाई संस्थेच्या अध्यक्ष झाल्या. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, पुण्यात सेवासदनाचे काम सुरू झाले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे त्यांचे खंदे सहकारी होते. रानडे यांच्या वाड्यातच वर्ग भरू लागले. १९१५ मध्ये पुण्याच्या संस्थेची रीतसर नोंदणी झाली.

शुश्रूषेच्या शिक्षणाकडे समाज त्या वेळी संशयाने पाहत होता. लंडनमध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची परिचारिकांची शाळा १८६० साली निघाली होती. आपल्याकडील रुग्णालयांत मात्र हे काम मुख्यतः युरोपीय, अँग्लो-इंडियन आणि ख्रिस्ती स्त्रियांकडे असे. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, विटाळ-सोवळे बाजूला ठेवायचे, रात्रपाळी करायची आणि वर त्याचे पैसे घ्यायचे, ही कल्पनाच उच्चवर्णीय हिंदू घरांना सोसत नव्हती. दुसरीकडे, त्याच घरांच्या माजघरात बालविधवा दोन वेळच्या अन्नावर आयुष्यभर आजाऱ्यांचे करीत होत्या, बाळंतिणींना न्हाऊ घालीत होत्या. त्यांच्या श्रमाला सेवा म्हणत, पण त्या श्रमाची किंमत कोणी करीत नसे.

रमाबाईंनी नेमके हेच ओळखले. ससून रुग्णालयात परिचारिका व सुईणीच्या शिक्षणासाठी सेवासदनाच्या विद्यार्थिनी जाऊ लागल्या. केवळ प्रवेश मिळवून देऊन भागणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. मुलगी राहणार कुठे, रात्री परतणार कशी, तिच्यावर देखरेख कोणाची, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय कोणताही बाप किंवा दीर तिला पाठवणार नव्हता. म्हणून संस्थेने शिकाऊ परिचारिकांसाठी वेगळे वसतिगृह काढले, तसेच वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठीही. रमाबाईंची साधी राहणी, धार्मिक वृत्ती आणि रानडे हे नाव यांमुळे सनातनी घरेही हळूहळू विश्वास टाकू लागली.

संस्थेच्या एका समारंभातील प्रसंग प्रसिद्ध आहे. केशवपन केलेली, तांबडे लुगडे नेसलेली एक विधवा बक्षीस घेण्यासाठी व्यासपीठावर आली, तेव्हा जमलेल्या विद्यार्थ्यांनी तिची हेटाळणी केली. एरवी शांत असणाऱ्या रमाबाई संतापल्या. समारोपाच्या भाषणात त्यांनी त्या तरुणांच्या विद्येबद्दलच शंका घेतली आणि अशी एखादी बहीण, आत्या वा आई प्रत्येकाच्या घरात आहे, याची त्यांना जाणीव करून दिली. सभागृहात शांतता पसरली.

१९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' या पुस्तकामुळे रमाबाई मराठी साहित्यात अजरामर झाल्या. त्या पुस्तकात त्या प्रामुख्याने पत्नी म्हणून दिसतात. संस्था उभारणाऱ्या रमाबाई त्यानंतरच्या आहेत. १९१३ मध्ये गुजरात-काठेवाडच्या दुष्काळात त्यांनी मदतकार्य केले. आळंदीच्या यात्रेत सेवासदनाच्या स्वयंसेविका घेऊन त्या जात. मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठी आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठी त्या अखेरपर्यंत झटल्या. १९२४ साली त्यांचे निधन झाले. १९६२ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

त्यांच्या पश्चात या पेशाला कायद्याचे अधिष्ठान मिळत गेले. १९३५ मध्ये मुंबई प्रांतात परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा झाला, १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा आणि १९६६ मध्ये महाराष्ट्र परिचारिका अधिनियम. नोंदणीने पात्रतेचा प्रश्न सुटला, पण मोबदल्याचा नाही. खासगी रुग्णालयांतील वेतनाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. त्यानंतर २०१६ मध्ये केंद्राच्या तज्ज्ञ समितीने दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयात राज्य सरकारइतके आणि पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही किमान २० हजार रुपये मासिक वेतन असावे, अशी शिफारस केली. तिचा अंमल आजही सर्वत्र झालेला नाही.

रमाबाईंच्या हयातीत साखरा आणि त्याचा परिसर निजामाच्या राज्यात होता. तिथल्या एखाद्या विधवेला पुण्याच्या वसतिगृहाची वाट सापडणे जवळपास अशक्य होते. आज तिथून निघालेल्या मुलीला वाट दिसते, तिच्याजवळ प्रमाणपत्र असते, नोंदणी क्रमांक असतो. शिक्षण, सुरक्षित निवारा आणि मानाची कमाई या तिन्ही गोष्टी एकत्र मिळाल्या तरच स्त्री स्वतःच्या पायावर उभी राहते, हे रमाबाईंनी कामातून दाखवले होते. त्यांपैकी तिसरी गोष्ट अनेक परिचारिकांना अजून मिळायची आहे. परिचारिकेला सेवेची मूर्ती म्हणून गौरवताना तिच्या पगाराचा विषय टाळणाऱ्यांनी रमाबाईंचे हे चरित्र पुन्हा एकदा वाचावे.